ज्ञानोबा नाईक आणि आमूचे गुडघे

ज्ञानोबा नाईकांना कुणी सुभेदार म्हटलं की ते चालता चालता थांबायचे. मग वळायचे. नुसती मान नाही, अख्खे वळायचे. आणि म्हणायचे, "नाईक. सुभेदार न्हाई. दोन फिती, बस्स." एवढं सांगून पुन्हा वळायचे आणि चालू लागायचे. नाईक हे काही त्यांचं आडनाव नव्हे, ती फौजेतली रँक. आडनाव त्यांना होतं, पण ते रेशन कार्डाशिवाय कुठं वापरात नव्हतं.

गावाला हे पाठ झालं होतं, म्हणून गाव त्यांना मुद्दाम सुभेदार म्हणायचं. पोरं तर कॅप्टनपर्यंत गेली होती. एकदा आमच्या दूध संस्थेच्या कार्यक्रमाला एक पुढारी आले आणि भाषणात म्हणाले, "आपल्या भागाची शान, मेजरसाहेब इथं उपस्थित आहेत." नाईक मागं उभे होते. तिथूनच ते म्हणाले, "नाईक." पुढारी म्हणाले, "हां, मेजर नाईकसाहेब!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. नाईक त्या दिवशी जेवले नाहीत. त्यांची बायको पारूबाई दुसऱ्या दिवशी दूध घालायला आली तेव्हा म्हणाली, "बढती मिळाली म्हून उपास धरणारा मानूस मी पैलाच बघितला."

तर ह्या माणसाबद्दल लिहायचं आहे. मला लिहायला-वाचायला उशिरा आलं, पोरंबाळं मोठी झाल्यावर, प्रौढांच्या वर्गात. त्यामुळं एकदा लिहायला बसलं की मला थांबता येत नाही. सांभाळून घ्या.

मी तेव्हा आमच्या महिला दूध संस्थेची चेअरमन होते. चेअरमन म्हणजे सही माझी आणि शिव्याही मलाच. धारूरचा घाट उतरून खाली आलं की आमचं गाव लागतं. गावाच्या खालच्या अंगाला बुद्धविहार, त्याच्या मागं आमची वस्ती, आणि गाव आणि वस्तीच्या मधोमध संस्थेची खोली. खोलीपुढं ओटा होता, त्याला दगडी पायऱ्या. नाईक तिथं दूध मोजायला होते. फौजेतून पेन्शन घेऊन आलेला माणूस मापाला चोख असणार, असं आम्हाला वाटलं होतं. तो नको तेवढा चोख निघाला. कॅनमधलं दूध हिंदकळायचं थांबेपर्यंत ते माप वाचत नसत. मागं बायकांची रांग ओरडायची, "आवं मोजा की! पोरं शाळंला जायचीत!" नाईक दुधाकडं बघत म्हणायचे, "थम." ते बायकांना म्हणतात की दुधाला, हे कुणाला कधी कळलं नाही. पण दोन्ही थांबायचे.

"फौजेत असं चालत न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी एकदा विचारलं, "मग फौजेत कसं चालतं?" त्यांनी पुष्कळ विचार केला. म्हणाले, "तिथंबी असंच चालतं, चेअरमनबाई. पन ओळीत."

लढाईच्या गोष्टी ते सांगत नसत. पोरांनी किती दुश्मन मारले म्हणून विचारलं तर म्हणत, "मी स्टोअरला व्हतो. मी कांबळी मोजली. येकबी कांबळं कमी भरलं न्हाई." पोरं निराश होऊन निघून जात. नाईकांना त्यात वाईट काही वाटत नसे.

आणखी एक. ते बसत नसत. दूध मोजणं उभ्यानं, चहा उभ्यानं, बैठकीला आम्ही सतरंजीवर आणि हे दारात उभे. पायऱ्या ते आडवे उतरत, खेकड्यासारखे. एक पाय खाली, मग दुसरा त्याच्या शेजारी, मग पुढची पायरी. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "मी इतमामानं उतरतो." आम्ही म्हटलं, असेल बाई फौजेची रीत.

मग ते वरीस आलं. विहिरींचे तळ दिसले, घाटातल्या तलावात पोरं क्रिकेट खेळायला लागली, आणि दुधाचे कॅन अर्ध्यावर आले. जनावरं विकून टाकू नयेत म्हणून आमच्या संस्थेनं ओट्यासमोरच्या माळावर चारा छावणी घेतली आणि तिची देखरेख नाईकांकडं दिली. गुरंही ते कांबळ्यांसारखीच मोजायला लागले. त्यांनी चुन्यानं रेघा मारल्या आणि सगळी जनावरं एका ओळीत, एकाच दिशेला तोंड करून बांधली. मागची ओळ म्हशींची. म्हशी रेघेवरच शेण टाकायच्या. नाईक रेघ पुन्हा मारायचे.

तहसीलचे साहेब छावणी तपासायला आले तेव्हा नाईक टाचा जुळवून पुढं झाले. "दोन बैल गैरहजर, येक म्हैस बीमार, बाकी सब ठीक, श्रीमान!" साहेब तरुण होते. त्यांना काय करावं कळेना. त्यांनी म्हशींना सलाम केला आणि गाडीत जाऊन बसले. आमच्या छावणीबद्दल पुढं कधी तक्रार आली नाही.

आता आमूचं सांगते, कारण तिच्याशिवाय नाईक पुरे होत नाहीत. आमू म्हणजे आम्रपाली, माझ्या धाकट्या भावाची, गौतमची पोरगी. फौजेत मुलींची भरती निघाली तेव्हा ही कुणाला न विचारता गेली, पळाली, उड्या मारल्या आणि निवडून आली. बोलावणं आलं. ट्रेनिंगला जायला काही महिने होते. वस्तीत पेढे वाटले. गौतमनं मात्र पेढा हातात धरून ठेवला. त्यानं सिरसाळ्याचं स्थळ बघून ठेवलं होतं. पोरगा खताच्या दुकानात बसायचा, चांगला होता. वाईट असता तर काम सोपं होतं.

गौतम तिला म्हणाला, "जा. मी आडवत न्हाई. पन तितून परत लावून दिली, तर मंग सिरसाळा. मंग तुजं माजं काय बोलणं न्हाई."

आमू म्हणाली, "बरं."

बापलेकीचं बोलणं आमच्या घरात एवढंच होतं. पण ते पक्कं असतं.

त्यानंतर लवकरच एका सकाळी आमू दुधाचा कॅन देऊन रिकामा कॅन घेऊन ओट्यावरून उतरत होती. दुसऱ्याच पायरीवर तिचा डावा गुडघा आतल्या बाजूला दुमडला आणि ती धाडकन खाली बसली. कॅन गडगडत म्हशींच्या ओळीपर्यंत गेला. पोरगी लगेच उठली, हसली, "पाय सटकला" म्हणाली.

नाईक वरून बघत होते. म्हणाले, "रंगरूट, इकडं ये." नव्यानं भरती झालेल्याला फौजेत रंगरूट म्हणतात. "पायरी चढ."

ती चढली.

"आता उतर."

तिनं भिंत धरली.

"भित कावून धरली?"

"काय न्हाई, मामा. थोडं करकरतंय."

"काय न्हाई म्हणणारे रंगरूट मी स्टोअरच्या दारात लई पायलेत," नाईक म्हणाले. "पयल्या हप्त्यात येतेत, बूट बदलून द्या म्हणतेत. बूट बदलून दिला की दुसऱ्या हप्त्यात गुडघा बदलून मागतेत. गुडघा स्टोअरला न्हाई. मंग घरी."

आमूचं तोंड उतरलं. तिला पळताना काही होत नव्हतं, चढताना नाही. उतरताना आणि उकिडवं बसून उठताना गुडघ्याची वाटी करकरायची आणि जोरच जायचा. हे तिनं भरतीपासून सगळ्यांपासून लपवलं होतं. आता ते रांगेतल्या सगळ्या बायकांना कळलं, म्हणजे गावाला कळलं.

मग औषधं सुरू झाली. जी दूध घालायला येई ती एक उपाय सांगून जाई. कुणी तिळाचं तेल सांगितलं, कुणी गरम विटेचा शेक. एका म्हातारीनं बिबा घालते म्हणून सुई तापवायला घेतली, ती आम्ही काढून घेतली. शेवंता म्हणून आमच्या संस्थेची सभासद होती, तोंडाची फटकळ पण हाताची मायाळू. तिनं कुठून तरी शेवग्याचा पाला मिळवला, वाटला आणि आमूच्या गुडघ्यावर फडक्यानं बांधला. दुष्काळात हिरवा पाला म्हणजे काय ते सांगायला नको. आमू छावणीत चारा टाकायला गेली आणि एका कालवडीनं फडक्यासकट औषध खाल्लं. नाईकांनी पाहणी करून सांगितलं, "कालवड ठीक हाय."

शेवटी नाईक म्हणाले, "ह्ये काम माजं." आणि त्यांनी आमूला हाती घेतलं.

त्यांचा पहिला कार्यक्रम असा होता. पाठीवर पेंडीचं पोतं फौजेतल्या पिट्ठूसारखं बांधायचं, घाट पळत चढायचा, पळत उतरायचा. नाईक खाली रस्त्यावर उभे. "कमजोर गुडघ्याला काम द्यायचं," ते म्हणाले, "म्हंजे त्याला लाज वाटती." आमूनं कुरकूर केली नाही. दुखतंय म्हटलं असतं तर फौजेची बातच संपली असती, म्हणून ती दात दाबून उतरत राहिली. एका सकाळी तिचा गुडघा भोपळ्यासारखा सुजला आणि तिला गौतमनं उचलून घरी आणलं. त्यानं पोरीला खाटेवर ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "सिरसाळ्याला निरोप धाडावा का आत्ताच?"

त्या संध्याकाळी नाईक आमच्या वस्तीत आले. बूट चमकवलेले. प्यायला पाणी नव्हतं, पण त्यांच्या बुटाला पॉलिश होतं. गौतमच्या दारात टाचा जुळवल्या.

"गौतम, चूक माजी. रंगरूटची न्हाई. सजा बोल."

गौतम खाटेवर बसला होता तो उठून उभा राहिला. एवढ्या वयाचा माणूस दारात सावधान उभा, त्याला काय सजा द्यायची? तो म्हणाला, "चहा घ्या."

"सजा म्हून?"

"आता... हां."

नाईकांनी चहा घेतला. उकळता होता, फुंकर न मारता प्याले. मी तिथंच होते. मला जरा खटकलं, कारण गावातून वस्तीत येऊन उभ्यानंच चहा पिऊन जाणारी माणसं मी जन्मभर पाहिली होती, बसलं तर विटाळ होईल म्हणून उभी राहणारी. मी मुद्दाम खाट झटकली, म्हटलं, "बसा की नाईक." ते म्हणाले, "बसलो तर उठवायला दोगं लागतील, चेअरमनबाई." मला वाटलं, बहाणा. बहाणा नव्हता, ते अंबाजोगाईला कळलं.

नाईकांना कुणीतरी सांगितलं की अंबाजोगाईला व्यायामाच्या डॉक्टरीणबाई आहेत, फिजिओथेरपीच्या. दुसऱ्या दिवशी एसटीनं मी, आमू आणि नाईक निघालो. नाईक एसटीत उभे. जागा होती.

डॉक्टरीणबाई पोरीसारख्याच होत्या, पण हाताला फार समज. त्यांनी आमूचा गुडघा सोडून तिची मांडी दाबली, मग खुबा दाबला, एका पायावर उभं करून हळूच वाकायला लावलं. गुडघा आत गेला. म्हणाल्या, "दुखतंय गुडघ्यात, पण कमजोर आहे मांडी आणि खुबा. हे दोघं काम करत नाहीत म्हणून सगळा भार वाटीवर येतो. सूज उतरेपर्यंत पळणं बंद. आणि उतारावर पळणं तर पूर्ण बंद, उतरतानाच गुडघ्याला जास्त मार बसतो. कुणी सांगितलं हे घाटाचं?"

"मी," नाईक म्हणाले.

"ओझं घेऊन?"

"पेंडीचं पोतं."

बाईंनी ते कागदावर लिहून घेतलं. मग आमूला आडवं करून व्यायाम दाखवले. उताणं पडून एक पाय सरळ ठेवायचा आणि हळू उचलायचा, धरायचा, त्याहून हळू खाली आणायचा. कुशीवर पडून वरचा पाय उचलायचा. पाय दुमडून कंबर वर घ्यायची. भिंतीला पाठ लावून, खाली खुर्ची नसताना खुर्चीत बसल्यासारखं थांबायचं, फार खाली नाही. नंतर एका बुटक्या पायरीवरून एक पाय हळूच खाली टेकवायचा, गुडघा आत न जाऊ देता. थोडं थोडं वाढवायचं, मध्ये आराम द्यायचा, "आणि दुखलं की थांबायचं."

नाईक म्हणाले, "बाई, आमी तर दुखलं की सुरू करायचो."

"म्हणूनच मघापासून खुर्ची असून तुम्ही उभे आहात, आजोबा. या, तुम्हीपण आडवे व्हा."

"मी सोबत आलोय."

"सोबतच व्हा आडवे."

तेव्हा आम्ही पहिल्यांदा ज्ञानोबा नाईकांना आडवं झालेलं पाहिलं. त्यांचे दोन्ही गुडघे पुरे वाकत नव्हते. वर्षानुवर्षं स्टोअरची गाठोडी उचलून वाट्या झिजल्या होत्या. सगळ्या गावानं ज्याला शिस्त म्हटलं, तो संधिवात होता. परतीच्या एसटीत त्यांनी मला सांगितलं, "ह्ये गावात कळायची जरुरी न्हाई." मी म्हटलं, "बरं." आता लिहिलं, पण आता हरकत घ्यायला ते नाहीत.

त्यानंतर आमच्या ओट्यावर जे सुरू झालं ते मी कधी विसरणार नाही. सकाळी बायका कॅन घेऊन रांगेत, आणि बाजूला रिकाम्या पेंडीच्या पोत्यांवर आमू उताणी पडून एक पाय आभाळाकडं उचलतेय. नाईक दूध मोजता मोजता हुकूम देतायत. अडचण अशी होती की त्यांना हळू हुकूम देता येत नव्हता. फौजेत सगळं झटक्यात. ते ओरडायचे, "उठाव!" आणि आमूचा पाय झटक्यात वर. "न्हाई न्हाई! हळू!" हेही एवढ्या जोरात, की मागच्या ओळीतली म्हैस उठून उभी राहायची.

पुष्कळ दिवस विचार करून त्यांनी मार्ग काढला. म्हणाले, "फौजेत धीरे चल पन असतं. मोठ्या साहेबाच्या मयताला असंच चालतेत." मग पायरीवरून उतरायच्या व्यायामाला 'धीरे उतर' असा हुकूम ठरला. "धीरेऽऽ उतर!" असा लांबलचक सूर लावून ते म्हणायचे आणि सूर संपेपर्यंत आमूचा पाय जमिनीला टेकायचा.

आमू म्हणायची, "मामा, मी माज्याच मयताला चालल्यावानी वाटतंय."

"गुडघा आत चाललाय. मयत नंतर."

शेवंता कॅन डोक्यावरून उतरवत म्हणायची, "आवं नाईक, ह्या चालीनं तर पोरी डोहाळजेवणाला जातेत. दुश्मन काय थांबतोय व्हय हिच्यासाठी?"

"दुश्मनाला आमी थांबवू," नाईक म्हणायचे. "तू दूध दे. पानी घालू नको."

"पानी हाय कुठं घालायला?" शेवंता म्हणायची.

भिंतीला टेकून बिनखुर्चीचं बसणं सगळ्यांनाच आवडलं. बघता बघता दोन-चार बायका मापाची वाट बघत भिंतीला टेकून तशाच बसायला लागल्या. एका बैठकीत कुणी संचालक व्हायचं म्हणून बायका भांडायला लागल्या, तेव्हा नाईक दारातून म्हणाले, "सगळ्या भितीला लागा. जी शेवटपर्यंत टिकल ती संचालक." शेवंता टिकली. तिचा कारभार पुढं वाईट झाला नाही.

सूज उतरली. करकर कमी झाली. आमू पहिल्यांदा चालायला लागली, मग सपाटीवर हळू पळायला. डॉक्टरीणबाईंनी एकदा तपासलं, म्हणाल्या चांगलं चाललंय, घाई करू नका. घाई करायची सवय नाईकांचीच, तर ते स्वतःलाच बजावायचे. एखाद्या दिवशी आमू म्हणायची, "आज जास्त करू का?" त्यावर ते एकदम पाठ फिरवून म्हशींकडं बघत म्हणायचे, "मला विचारू नको. मी हो म्हणीन."

पण गौतमला हे पटेना. त्यानं घाटावर पोरीला पळताना पाहिलं होतं, आता ती पोत्यावर आडवी पडलेली दिसायची. जायचे दिवस जवळ आले. सिरसाळ्याचे लोक एकदा येऊन चहा पिऊन गेले होते, पुन्हा विचारणा करत होते. एका सकाळी तो सगळ्या बायकांसमोर ओट्यापुढं येऊन उभा राहिला.

"झोपून पाय वर करायचा, ह्याला ट्रेनिंग म्हणतेत व्हय, नाईक? फौजेत काय हिला गादी देणारेत का? मला आत्ता बगायचंय. ते पोतं घेऊन घाट उतरून दावू द्या. उतरली तर जाऊ दे. न्हाई तर तिथं जाऊन तोंड पाडून येन्यापरीस आत्ताच बास."

आमू उठलीच. कपडे झटकले आणि पोत्याकडं निघाली. मला वाटलं, नाईकांना हेच हवं असणार, आता ते पाठीवर पोतं बांधून देतील.

नाईक म्हणाले, "न्हाई."

"कावून न्हाई?"

"आज प्रोग्राममधी न्हाई."

"म्हंजे पोरगी भ्याली."

"पोरगी न्हाई भ्याली. मी भ्यालो." ते अगदी सपाट आवाजात म्हणाले, गुरांचा आकडा सांगावा तसं. "येकदा मी तुज्या पोरीचा गुडघा घालवला, गौतम. तुला दाखवन्यासाठी आनि मला बरं वाटन्यासाठी पुन्यांदा घालवनार न्हाई. तुला घाट उतरलेला बगायचा हाय ना? मंग तू उतर. पोतं हे घे."

बायका हसल्या. शेवंता म्हणाली, "जा की रं गौत्या, तू तर गडी हाईस."

आता चार बायकांसमोर गौतम काय करणार? त्यानं पोतं उचललं, पाठीवर टाकलं आणि तरातरा घाट चढून गेला. चढला झकास. उतरताना अर्ध्या वाटेवर तो आडवा चालायला लागला, मग पोतं खाली ठेवून बसला, मग पुन्हा उठला. खाली आला तेव्हा त्याच्या मांड्या थरथरत होत्या. तो ओट्याच्या भिंतीला हात लावून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी त्याला घराचा उंबरा ओलांडता येईना. त्याच्या पुढच्या दिवशी सकाळी मी संस्थेत आले तर पोत्यांवर आमू आडवी होती आणि तिच्या शेजारच्या पोत्यावर गौतम. दोघांचे पाय वर. नाईक दूध मोजत होते आणि सूर लावत होते. सिरसाळ्याचा विषय त्या दिवशी कुणी काढला नाही. मी काढायचा म्हणून तोंड उघडलं, तर नाईक म्हणाले, "थम." ह्या वेळी ते मलाच होतं.

आमू गेली. तिला एसटीत बसवताना नाईकांनी तिला बूट कसे बांधायचे ते सांगितलं, मोजे कोरडे ठेव म्हणून सांगितलं, आणि दुखलं तर पहिल्याच दिवशी उस्तादला, म्हणजे शिकवणाऱ्याला, सांग, लपवू नको, म्हणून तीनतीनदा बजावलं. गौतमनं तिला काहीच सांगितलं नाही. एसटी हलल्यावर तो म्हणाला, "मोज्याचं मी सांगणार व्हतो."

मग वाट बघणं. ट्रेनिंगमधून फोन कधीतरीच येतो. आणि कुणी बोललं नाही तरी सगळ्यांना ठाऊक होतं की फोन ज्या दिवशी ठरलेली वेळ सोडून भलत्या वेळेला येईल, तो परत पाठवल्याचा असेल. गौतम रोज सकाळी दूध नसलं तरी ओट्यावर येऊन उभा राहायला लागला.

पुढचं मी सरळ सांगून टाकते, म्हणजे मला शेवटी ते लिहावं लागणार नाही. पाऊस झाला, छावणी उठली, आणि मी लेकीच्या बाळंतपणाला तलवाड्याला गेले. मी तिकडं असतानाच नाईक गेले. पारूबाई म्हणाली, सकाळी दाढी केली, आंघोळ केली, शर्ट घातला आणि उभ्या उभ्याच भिंतीला टेकले. मला मातीलाही जायला मिळालं नाही. म्हणून मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तलवाड्याला निघायच्या आधल्या दिवशी, सकाळच्या दुधाच्या वेळेला, संस्थेत.

रांग ओट्याखालपर्यंत होती. पाऊस झाल्यापासून कॅन पुन्हा जड झाले होते. संस्थेचा फोन माझ्याकडं असायचा, साधा, बटणांचा. तो वाजला.

"आत्या? मी आमू. नाईकमामा हायेत का?"

वेळ भलती होती. मी फोनवर हात ठेवला आणि नाईकांकडं पाहिलं. गौतमनं माझं तोंड बघितलं आणि तो ओट्याच्या कडेला जाऊन रस्त्याकडं बघायला लागला. नाईकांनी माप खाली ठेवलं. मी फोनचा स्पीकर लावला, कारण त्यांना ऐकायला कमी यायचं.

"बोल रंगरूट. गुडघा?"

"कुणाचा, मामा? माजा व्हय? माज्या गुडघ्याला काय झालंय? आमी काल पिट्ठू घेऊन डोंगर उतरलो. ते जाऊ द्या. वेळ लई कमी दिलाय. माज्या बाजूच्या खाटंवरची पोरगी हाय, केरळची. तिची वाटी करकरती, उतरताना. काल डाक्टरनी तिला व्यायाम दिलेत, आपलेच हायेत ते, पन तिला जमंना, गुडघा आतच जातोय. न्हाई जमलं तर परत लावतेत हो तिला. तिला माजं कळंना, मला तिचं कळंना. आडवं पडून करायचं ते पुन्यांदा सांगा. बारीक सांगा."

गौतम अजून रस्त्याकडंच बघत होता. त्यानं टॉवेलनं तोंड पुसलं, मग मान पुसली, मग पुन्हा तोंड.

नाईकांनी तोंडानं सांगायचा प्रयत्न केला. "पाय सरळ. अंगठा वर. न्हाई, अंगठा... आता कसा सांगू." मग त्यांनी हातातलं फडकं घडी करून मापावर ठेवलं आणि ओट्यावरच्या सतरंजीवर उतरायला लागले. एक हात भिंतीला, एक शेवंताच्या खांद्याला, थोडं थोडं करत ते खाली गेले आणि उताणे पडले. शेवंतानं त्यांच्या मानेखाली पोतं सरकवलं. रांगेतल्या बायकांनी कॅन खाली ठेवले. मी फोन त्यांच्या पायाजवळ धरला, का ते मला ठाऊक नाही. तिथंच धरावा असं वाटलं.

"बघ," नाईक म्हणाले. "गुडघा पक्का. मांडी आवळ. धीरेऽऽ उठाव."

त्यांचा पाय सतरंजीवरून उठला. थरथरत होता, पण सरळ होता, अंगठा वर. त्यांनी तो तिथं धरून ठेवला. एक कॅन हिंदकळत होता तेवढाच.

"धीरेऽऽ उतर." पाय खाली यायला वर जाण्याहून जास्त वेळ लागला. मग त्यांनी मान वळवून फोनकडं पाहिलं.

"दिसलं का?"

फोनमध्ये थोडी खरखर झाली. मग आमूचा आवाज आला.

"दिसलं, मामा."